सोनटक्क्यापाशी बसताना

दिवस कलला की सोनटक्क्याच्या बेटापाशी या. पावसाळा सरत आला असेल तर उत्तमच. वास येईल, तो येऊ द्या. पण फुलाकडं लगेच वळू नका. आधी पान पाहा.

पानं दांड्याच्या दोन बाजूंना, एकाआड एक निघाली आहेत. लांबट, टोकाला निमुळती. पानाच्या पाठीवरून बोट फिरवा, बारीक लव लागेल. पान दांड्याला बिलगतं तिथं एक पातळ पापुद्रा आहे, तोही पाहा. हळदीची पानं जमिनीलगतच लांब देठांवर उभी राहतात. कर्दळीची पानं चांगलीच रुंद असतात. फूल नसतानाही सोनटक्का ओळखू येतो तो असा, सावकाश.

आता दांड्यावर नजर ठेवा. हे खोड आहे असं वाटतं. पण त्याचा बराचसा भाग एकमेकांभोवती घट्ट गुंडाळलेल्या पानांच्या तळांचा आहे. सोनटक्का आल्याच्या कुळातला. त्याचं मुख्य खोड, म्हणजे गड्डा, जमिनीत आडवं पसरलेलं असतं. आपण ज्याच्यापुढं बसलो आहोत, त्याचा टिकून राहणारा भाग आपल्याला दिसतच नाही. एवढं मनात मुरू द्या.

मग फूल. शेंड्यावरच्या हिरव्या कणसातून पांढरं फूल बाहेर आलं आहे. समोरची मोठी, टोकाशी दुभंगलेली पाकळी आणि शेजारच्या दोन, या तिन्ही खरं तर पाकळ्या नव्हेत. ते रूप पालटलेले, पराग न धरणारे पुंकेसर आहेत. खऱ्या पाकळ्या अरुंद, फितीसारख्या, मागं लोंबताहेत. पराग धरणारा पुंकेसर एकच. त्याच्या खोबणीतून स्त्रीकेसराचा बारीक तंतू वर गेला आहे. मध मात्र लांब नळीच्या तळाशी. लांब सोंडेचे पतंग अंधार पडल्यावर तिथवर पोचतात. संध्याकाळी वास वाढतो तो त्यांच्यासाठी. वेणीत माळणाऱ्यांना तो आयता मिळतो. आपण या भेटीतले तिऱ्हाईत आहोत, हे जाणवलं की फूल तोडणारा हात जरा थबकतो.

हे फूल उद्या मलूल होईल आणि त्याच कणसातून दुसरं उमलेल. कणीस संपलं की त्या दांड्याचं काम संपलं; तो पुन्हा फुलत नाही. तेव्हा तो जमिनीलगत कापा. कापताना मन कचरलं तर ते कशानं, हे पाहा. झाडाचा जीव आपण दांड्यात मानला होता. तो गड्ड्यात आहे आणि पुढचे कोंब तिथूनच येणार आहेत.

निगेचं सारं यातूनच उलगडतं. गड्ड्याला ओल हवी, पण थंडीत तो विसावतो तेव्हा पाणी कमी करा. दुपारचं कडक ऊन टाळा, शेणखत किंवा कंपोस्ट घाला. बेट दाटलं की पावसाळ्याच्या तोंडावर गड्डे खणून, प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन डोळे ठेवून, उथळच लावा.

उरलेले गड्डे ओढ्याकाठी टाकू नका. ब्राझील, हवाई, दक्षिण आफ्रिका इथं या झाडानं पाणथळ जागा व्यापून मूळच्या वनस्पतींना हटवलं आहे. क्यूबात मात्र, बाहेरून येऊनही, ते राष्ट्रीय फूल झालं. झाड तेच. एकीकडं मान, दुसरीकडं उपद्रव. मग आपल्या अंगणात त्याला किती जागा द्यायची, हेही ठरवावं लागतं. लावणाऱ्यानंच कधीतरी आवरायचंही असतं.

उठण्याआधी मातीत बोट घाला. पेरभर खाली ओल लागली, तर आज पाणी देऊ नका. कोरडं लागलं, तरच द्या.