बिन, कोम आणि वारस

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या आवारात दगडावर कोरलेली एक मराठी वंशकथा आहे. सरफोजीराजे दुसरे यांच्या आज्ञेवरून बाबूराव चिटणीसांनी मजकूर सिद्ध केला आणि १८०३ साली तो भिंतीवर उतरला. ‘भोसलेवंशचरित्र’ म्हणून तो प्रसिद्ध आहे. तिथे जाणारा मराठी माणूस लेखाची लांबी पाहून थक्क होतो आणि इतक्या दूर आपली भाषा दगडावर पाहून सुखावतो. मला त्या लेखाची तारीख अधिक बोलकी वाटते. सरफोजी दत्तक होते. १७८७ साली तुळजाराजांनी मरणापूर्वी त्यांना मांडीवर घेतले, पण राजांचे सावत्रभाऊ अमरसिंह यांनी त्या दत्तविधानालाच हरकत घेतली. कंपनी सरकारने पंडितांचे मत मागवले, ते सरफोजींच्या विरुद्ध गेले आणि गादी अमरसिंहांना मिळाली. पुढे पुन्हा मते मागवली तेव्हा शास्त्रार्थ फिरला आणि १७९८ साली सरफोजी गादीवर बसले. लगेच पुढच्या वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. म्हणजे राज्य हातचे गेल्यावर चार वर्षांनी वंशावळ दगडावर आली. ज्याच्या वंशातल्या जागेबद्दल अकरा वर्षे वाद चालला, त्यानेच ती जागा पुसता येणार नाही अशी कोरून घेतली.

हा योगायोग असता तर सोडून देता आला असता. पण मराठी मुलखात वंशावळीचे जे जुने कागद उरले आहेत, त्यांतले बहुतेक असेच कुठल्यातरी भांडणातून जन्मले आहेत. आपण मात्र ते कुटुंबाची आठवण म्हणून वाचायला बसतो. मूळ पुरुष कोण, कुठल्या गावाहून आला, त्याला मुलगे किती, असे प्रश्न त्यांना विचारतो. आधी विचारायला हवे ते वेगळेच: हा कागद कुणी, कुणापुढे आणि काय पदरात पाडून घेण्यासाठी लिहिला? माझे म्हणणे असे की आपल्याकडची वंशावळ ही मुळात हक्काची नोंद आहे. रक्ताचे नाते तिच्यात येते ते साक्षीदार म्हणून, आणि बोलावले तेवढेच येते.

वतनाच्या तंट्यांचे कागद पाहिले की हे उघड दिसते. पाटीलकी, देशमुखी किंवा कुलकर्णाचे वतन वडीलकीने चालत आलेले. घर वाढले की वडील शाखा कोणती आणि धाकटी कोणती, मानपान कुणाचा, शिरपाव आधी कुणाला, यावरून भाऊबंदकी पेटायची. मग दोन्ही पक्षांनी आपापला करीना द्यायचा. करीना म्हणजे आपल्या घराण्याची आणि वतनाची पहिल्यापासूनची हकीकत. गोतसभा बसायची, गावचे पाटील आपली नांगराची निशाणी करायचे, बलुतेदार आपापल्या निशाण्या उमटवायचे आणि महजर व्हायचा. जो हरला त्याच्याकडून येजितखत लिहून घेत: आपला दावा खोटा ठरला, यापुढे आपण किंवा आपले वंशज या वतनाशी कटकट करणार नाही. हा कागद जिंकणाऱ्याच्या दप्तरात जपून राहायचा. हरलेल्याच्या करीन्याला मात्र सांभाळणारा कुणी उरत नसे. म्हणजे आज कुणा घराण्याची सुसंगत, एकही दुवा न निखळलेली वंशावळ हाती आली, तर तिच्यामागे दुसरी एखादी तितकीच सुसंगत वंशावळ विझली असण्याचा संभव मोठा. खोटी कुठली, खरी कुठली, हे आता सांगता येईलच असे नाही. जिंकलेली कुठली, एवढे सांगता येते.

या कागदांतली नावे वाचताना होणारी फसगतही जवळून पाहण्यासारखी आहे. ‘रामजी बिन संताजी’ असा उल्लेख सापडतो. बिन म्हणजे मुलगा. शब्द अरबी, पण आपल्या कुणब्या-पाटलांच्या कागदांत अगदी मुरलेला. आता नातवाला आज्याचे नाव ठेवण्याची रीत घ्या. संताजीचा रामजी, रामजीचा संताजी, त्याचा पुन्हा रामजी. पन्नास-साठ वर्षांच्या अंतराने दोन कागदांत ‘रामजी बिन संताजी’ दिसला की शोधणारा आनंदाने त्यांचा एकच माणूस करतो आणि दोन पिढ्या गिळून टाकतो. त्यात आडनावाचा आधार नाही. कुलकर्णी आणि पाटील ही तर गावोगाव असलेल्या कामांची नावे. भर म्हणून तारखा. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, सुहूर सनात ५९९ आणि शकात ७८, तेही वर्ष कुठल्या महिन्यात बदलते ते सांभाळून. फसली आणि सुहूर यांत गल्लत झाली की नऊ वर्षांचा फरक पडतो आणि बाप मुलाच्या मुंजीआधीच वारतो. असली चूक मोडी न येणाऱ्याचीच होते असेही नाही. घाई झालेल्या कुणाचीही होते. घाई अर्थात मूळ पुरुषापर्यंत पोचण्याची.

रक्त आणि वंशावळ यांची फारकत दत्तकाइतकी ठळक दुसरीकडे दिसत नाही. बडोद्याच्या गादीसाठी वारस हवा होता तेव्हा, १८७५ साली, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या एका शेतकरी घरातला गोपाळ हा मुलगा महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला आणि तो सयाजीराव गायकवाड झाला. कवळाण्याची शाखा मूळ घराण्याशी कागदोपत्री जुळली म्हणून हे घडू शकले. पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरलेल्या घराला तोवर ती जुळणी कुठे उपयोगी पडली होती? हक्क उभा राहिला आणि नाते उजळून निघाले. सामान्य घरांतही निपुत्रिक विधवेने पुतण्याला दत्तक घेतले की कागदावर त्याचा जन्मदाता बाप चुलता होतो. वंशावळीच्या तक्त्यात ती रेघ सरळच दिसते.

इथे एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. त्र्यंबकेश्वरच्या, नाशिकच्या, काशीच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. तिथे कुणाचे वतन नाही, खटला नाही. यात्रेकरू येतो, आपल्या हाताने किंवा उपाध्यायाकडून लिहितो की मी अमुकचा मुलगा, तमुकचा नातू, सोबत आई, बायको, भाऊ. या वह्यांत बायकांची नावेही भेटतात. तसेच दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात हेळवी दारोदार येतात, घराण्याची पिढीजात नावे म्हणून दाखवतात. ही तर निखळ आठवण नव्हे का? मला वाटते, आठवण आहेच; पण निखळ नाही. उपाध्यायाची वही ही त्याची मिळकत. ‘तुमचे आजोबा आमच्याकडेच आले होते, ही त्यांची सही,’ हे वाक्य यजमानावरचा हक्क शाबीत करणारे असते. ही यजमानवृत्ती भावाभावांत वाटून घेतली जाई, गहाण पडे, विकलीही जाई. हेळव्यालाही घर आठवते ते धान्य घालणारे. फरक एवढाच की इथे हक्क लिहिणाऱ्याचा आहे, लिहिला गेलेल्याचा नाही, म्हणून त्याला तुमच्या भाऊबंदकीत रस नाही. या वह्या अधिक भरवशाच्या वाटतात त्या यामुळेच. त्या निःस्वार्थी आहेत असे नव्हे. त्यांचा स्वार्थ निराळा आहे. आणि ज्याला काशीची वाट परवडली नाही, किंवा ज्याला घाटाच्या पायरीवर उभेच राहू दिले नसते, तो याही वहीत नाही.

मग ज्याच्याकडे वतन नाही, जमीन नाही, यात्रेला पैसा नाही, त्याची नोंद कुठे? याचे सर्वांत अनपेक्षित उत्तर मॉरिशसमध्ये आहे. १८३४ पासून पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख हिंदुस्थानी मजूर करारावर त्या बेटावर उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोक होते, रत्नागिरी-सावंतवाडीकडचे, साताऱ्याकडचे. त्यांची रजिस्टरे आज मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. एकेका माणसाला एक ओळ: क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, अंगावरच्या खुणा, जिल्हा, गाव, जहाज. १८६० च्या दशकापासून फोटोही. गावच्या दप्तरात ज्याचे नाव एकदाही आले नसेल, त्या माणसाच्या कपाळावरचा व्रण इथे नोंदलेला आहे. हा पूर्वजप्रेमाचा भाग नव्हता. मळेवाल्याला माणूस ओळखता यायला हवा होता. रजेशिवाय मळ्याबाहेर सापडला तर धरायला हवा होता. मात्र या व्यवहारात एक गोष्ट अशी झाली जी महाराष्ट्रातल्या कुठल्याही वंशावळीत झाली नाही: बाईला स्वतःचा क्रमांक मिळाला. आपल्या कागदांत ती ‘सखू कोम रामजी’ असते, कोम म्हणजे बायको, तीही नवऱ्याच्या पश्चात वतनाचा प्रश्न उठला तर. बोटीवर चढलेली सखू मात्र स्वतंत्र ओळ घेऊन उतरते, बापाच्या नावासकट. तिच्याकडून मजुरी आणि बांधिलकी वसूल करायची होती, म्हणून ती मोजली गेली. तेव्हा माझे मूळ विधान थोडे रुंद करायला हवे. कागदावर नाव येते ते हक्काने किंवा हक्काच्या उलट बाजूने, म्हणजे देण्याने. कारकुनाने रत्नागिरीचे स्पेलिंग मनाला येईल तसे केले, पुढे बापाचे नाव आडनाव होऊन बसले, त्यामुळे आज तिथला मराठी माणूस गाव शोधत कोकणात येतो तेव्हा त्याची तारांबळ उडते. तरी त्याच्याकडे पणजीचा क्रमांक असतो. इथल्या त्याच्या भाऊबंदांना पणजीचे नावही बहुधा सांगता येत नाही.

बायकांबद्दल कुणी म्हणेल की तो काळच तसा होता, पद्धतच नव्हती. पद्धत हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही, कारण हक्क बदलला तेव्हा पद्धत बघता बघता बदलली. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा दिला. खातेदार वारला की तलाठ्याकडे वारसांची नोंद होते, गाव नमुना ६क मध्ये. तिथे आता बहिणींची नावे येतात, यावीच लागतात. त्यानंतर पुष्कळदा हक्कसोडपत्र होते आणि सातबाऱ्यावरून ती नावे निघून जातात. आणखी शंभर वर्षांनी सातबारा पाहणाऱ्याला त्या पिढीत भाऊच दिसतील. फेरफार पाहणाऱ्याला बहिणी दिसतील, त्यांनी काय सोडले तेही दिसेल.

आता मोठी हरकत. सगळेच कागद हितसंबंधातून आले असतील तर कशावरच विश्वास नको, वंशशोध म्हणजे नुसता हौशी खेळ, असे होणार नाही का? होत नाही. उलट हेतू ओळखला की कागद अधिक बोलतो, कारण कागद ज्यासाठी लिहिला त्याबाबत तो पढवलेला असतो. जाता जाता जे सांगतो त्याबाबत सहसा नसतो. जेधे घराण्याच्या कागदांतली शकावली टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. त्या देशमुख घराण्याने आपल्या दप्तरात जपलेल्या त्या तारखांच्या जंत्रीत शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीयेचा निघाला आणि बखरींनी धरलेली जुनी तारीख डळमळली. देशमुखीच्या वादात त्या तारखेने जेध्यांचा काडीचाही फायदा होणार नव्हता. राजवाड्यांनी गावोगाव फिरून जी दप्तरे मिळवली, त्यांचे मोलही बरेचसे असेच आहे. करीन्यातल्या थोरपणावर विसंबू नये. त्याच करीन्यात ‘दुष्काळ पडला, गाव ओस झाला, आम्ही परमुलखात गेलो’ असे ओघात आले असेल तर ते मात्र उचलून घ्यावे. डीएनए चाचणीने हे सगळे निकाली निघेल असे हल्ली म्हणतात. ती दोन माणसांचे रक्त जवळचे की लांबचे ते सांगेल. रामजीला पाटीलकी का मिळाली आणि त्याच्या भावाने गाव का सोडले, ते तिला विचारून उपयोग नाही.

वंशावळी पुन्हा जोरात लिहिल्या जात आहेत त्या मात्र डीएनएमुळे नव्हे. जातपडताळणीसाठी प्रतिज्ञापत्रावर वंशावळ द्यावी लागते आणि जुना पुरावा लागतो: अनुसूचित जातींना १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींना १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गाला १९६७ पूर्वीचा. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना तहसील कचेऱ्यांत अचानक मागणी आली. नाती धरायची ती वडिलांकडची. गोतसभेच्या जागी समिती आली, बाकी करीना तोच. या शोधात सर्वांत अधिक उलटले जाते ते कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, गावातल्या जन्ममृत्यूंचे रजिस्टर. त्यातल्या जन्माच्या पुष्कळ नोंदींत मुलाचे नाव नाही. बापाचे नाव, त्याची जात, तारीख आणि नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. पानाचा फोटो काढला जातो तो जातीच्या रकान्यासाठी. कधी कधी कुटुंबाला हवा असलेला एकुलता एक पुरावा नेमका ‘मुलगी’ लिहिलेल्या ओळीत निघतो, आणि तो वापरायचा तर पणजोबांच्या त्या बहिणीला वंशावळीत जागा द्यावी लागते. मग तक्ता नव्याने काढतात, पणजोबांच्या शेजारी एक रेघ ओढतात, आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारतात की तिचे नाव काय होते.