खाड्याचा हिशेब

पोराला घरात डांबून ठेवल्याची, चटके दिल्याची बातमी आली की पहिली शिवी आईला बसते. कसली ही आई! राग खोटा नसतो. 2007 साली केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने महाराष्ट्रासह 13 राज्यांतल्या बारा हजारांहून जास्त मुलांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा तिघांपैकी दोघांनी मार खाल्ल्याचे सांगितले. घरात मारणारे बहुतेक वेळा आईवडीलच होते.

सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक मात्र आधीचा प्रश्न विचारतात: घर त्या टोकाला जाऊ नये म्हणून काय करता आले असते? अमेरिकेत केरी रेसियन आणि लिंडसे बुलिंजर यांनी 2004 ते 2013 च्या नोंदी तपासल्या. किमान वेतन तासाला 1 डॉलरने वाढले तिथे मुलांची हेळसांड झाल्याच्या तक्रारी 9.6 टक्क्यांनी घटलेल्या दिसल्या. पालकांना कुणी प्रवचन दिले नव्हते. हातात चार पैसे जास्त पडले होते.

आता मीरा-भाईंदर. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे, मीरा रोडला सोसायट्यांची रांग. इथे राबणाऱ्या बाईचे लहान मूल दिवसभर असते कुठे? अंगणवाडी काही तासांत सुटते. कायद्याने 2017 पासून 26 आठवड्यांची पगारी प्रसूती रजा दिली, पण दहा माणसांच्या आस्थापनेपासून पुढे. पाळणाघराची सक्ती तर 50 कर्मचाऱ्यांपासून. सहा जणांचा गाळा यात बसत नाही, चार घरची धुणीभांडी करणारी तर नाहीच नाही. मग मूल आठ वर्षांच्या ताईच्या कडेवर, नाहीतर बाहेरून कडी लावलेल्या खोलीत. सरकारी नोंदीत यालाच हेळसांड म्हणायचे.

याच पश्चिम रेल्वेच्या पट्ट्यात, डहाणूजवळच्या कोसबाडला, बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना ही ताई फार पूर्वी भेटली होती. धाकटे भावंड सांभाळायचे म्हणून ती शाळेत येईना. त्यांनी हजेरीवरून तिला दटावले नाही; पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आणली.

याचा अर्थ मारणाऱ्याला माफी असा नव्हे. 1098 या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करावाच लागतो. शिवाय मार श्रीमंतांच्या घरीही बसतो, तिथे भिंती जाड असतात एवढेच. पण पोराला ताप आला म्हणून बाईने मारलेला खाडा महिनाअखेरीस पगारातून वळता करणारे घर आणि तिच्या पोराचे हाल ऐकून हळहळणारे घर पुष्कळदा एकच असते. राज्याच्या बालसंगोपन योजनेत एका मुलामागे महिन्याला 2250 रुपये मिळतात, तेही एक पालक गमावलेल्यांसारख्या ठरावीक मुलांना. बाकीच्यांसाठी सोसायटीला फार दूर जायला नको. वर्षातून दोनदा सभेपुरती उघडणारी एक खोली बहुतेक इमारतींत आहे. कामाला येणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी ती सकाळी उघडायची का, हा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगच्या आधी घेता येईल.