मुठीतली रेती

कर्जतला उल्हासच्या काठी बसा. घाई नको. मूठभर ओलसर रेती घ्या, हलकेच दाबा आणि बोटं उघडा. मूठ सुटली तरी रेती सुटत नाही. दोन दाण्यांच्या सांदीत पाण्याचा इवलासा पूल असतो, त्याचा ताण दाण्यांना जवळ ओढतो. याच ओलीनं रेती फुगते, म्हणून ब्रासवर रेती घेणारा ओल्या ढिगाकडे दोनदा पाहतो. त्या सांदीवर मन थांबू द्या.

आता मनातच पाणी वाढवा. सांदी भरून हवा निघून गेली की ओढ संपते. सांदीतल्या पाण्याचा दाब आणखी वाढला की पाणीच भार उचलू लागतं, दाणे एकमेकांवर कमी टेकतात, घर्षण घटतं. कार्ल टेर्झागींच्या 1925 च्या मृदायांत्रिकीच्या ग्रंथाचा गाभा हाच.

दुसरी मूठ घ्या, सिलेन या रसायनाचा लेप दिलेल्या रेतीची. थेंब टाका. तो मुरत नाही, गोळी होऊन बसतो. दाण्याशी त्याचा कोन 90 अंशांहून मोठा. पाण्यात सोडली तर भोवती हवेचं चंदेरी आवरण, बाहेर काढली तर कोरडी. हिचा किल्ला होत नाही. सारी मदार दाण्यांच्या घर्षणावर, आणि लेपानं तेही बहुधा थोडं कमी होतं. पण पाऊस आत शिरत नाही, म्हणून रस्त्याखाली ओल अडवायला हिचा थर उपयोगी. मात्र वर पाणी पुरेसं तुंबलं, तर तीही वाट देते.

श्वास संथ ठेवून खालापूरकडे वळा. 19 जुलै 2023 च्या रात्री, अतिवृष्टीत, इर्शाळगडाखालची ठाकर आदिवासींची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. 27 मृतदेह हाती आले. 57 माणसं सापडलीच नाहीत. तो उतार रेतीचा नव्हता, दगडमातीचा होता. पण पाण्यानं भार वाढतो आणि पकड सुटते, हे तिथंही खरंच. इथं जरा जास्त थांबा.

मग डोंगरावर पाणी न धरणारा थर पसरावा का? वणव्यानंतर जळालेल्या पाल्यातलं मेण कधी कधी मातीच्या कणांवर बसतं आणि निसर्गच असा थर करतो. तेव्हा पाणी मुरत नाही, वरून धावतं आणि माती घेऊन जातं. थर अंथरण्याआधी पाणी वळवायला चर खणायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

येत्या पावसात घरामागच्या उतारावर पाणी कुठं मुरतं, कुठं नुसतं धावतं, ते पाहत राहा. माथ्यावर नवी भेग दिसली तर मनन तिथंच सोडा. आधी घरं रिकामी करा, मग तहसील कचेरीला कळवा.