ज्याचे हृदय, त्याचा कौल

घरातील वडीलधाऱ्यांचे दुखणे त्यांच्यापासून लपवावे, ही आपल्याकडे मायेची रीत मानली जाते. बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील आपल्या जुन्या मराठी घरांत या रीतीला आणखी एक आधार मिळालेला आहे. निजामी राजवटीत शाळा शिकलेल्या पिढीला मराठी आणि उर्दू येत असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर कारभार कन्नडात आला आणि औषधाची चिठ्ठी मात्र इंग्रजीतच राहिली. त्यामुळे दवाखान्यात मुलगा किंवा पुतण्या दुभाषी म्हणून पुढे होतो. दुभाष्याचा तो निर्णयकर्ता केव्हा बनतो, हे त्याचे त्यालाही कळत नाही. आमच्याबाबतीत हे घडले, आणि म्हणूनच हा प्रश्न येथे मांडावासा वाटतो.

आमच्या आत्या तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. ‘छातीत चिमणी फडफडते आहे,’ असे त्या काही दिवस म्हणत होत्या. शहरातील हृद्रोगतज्ज्ञांनी मनगट हाती घेतले तेव्हा नाडीच्या ठोक्यांत कसलाच हिशेब लागत नव्हता. दोन ठोके जवळजवळ, मग खंड, मग एक क्षीण ठोका. विद्युत् आलेखाने निदान पक्के केले. या विकाराचे नाव एट्रियल फिब्रिलेशन.

निरोगी हृदयाची शिस्त मोठी विलक्षण असते. उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्याच्या भिंतीत पेशींचा एक लहानसा पुंजका असतो, त्याला सायनस नोड म्हणतात. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साठ ते शंभर वेळा तेथून विजेची सूक्ष्म लहर निघते. ती दोन्ही वरच्या कप्प्यांतून, म्हणजे अलिंदांतून, पसरते आणि खाली जाण्यापूर्वी दुसऱ्या एका गाठीपाशी सेकंदाचा सुमारे दहावा भाग थबकते. तेवढ्या अवधीत वरचे रक्त खाली उतरते. मग लहर खालच्या कप्प्यांत, निलयांत, शिरते आणि रक्त शरीरभर ढकलले जाते. ही मधली गाठ जपानी संशोधक सुनाओ तवारा यांनी १९०६ मध्ये वर्णन केली. मूळ उगमाचा पुंजका आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ मध्ये दाखवून दिला.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये उगमाची ही सत्ता मोडते. अलिंदांत एकाच वेळी अनेक ठिकाणी विजेच्या लहरी भरकटू लागतात. मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे. अलिंद आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. मधली गाठ यांतील बऱ्याचशा लहरी अडवते, म्हणूनच माणूस जगतो. परंतु ज्या सुटतात त्या अनियमितपणे सुटतात. खरा धोका याहून वेगळा आहे. थरथरणाऱ्या अलिंदात रक्त साचून राहते आणि साचलेल्या रक्ताची गुठळी होते. ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात. या विकाराने पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो.

यावर गोळी आहे. तिला आपण ‘रक्त पातळ करणारी’ म्हणतो. वस्तुतः रक्त पातळ होत नाही. त्याची गोठण्याची क्रिया मंदावते. वॉर्फरिन ही या वर्गातील जुनी गोळी. उत्तर अमेरिकेत कुजका चारा खाल्लेली गुरे रक्तस्रावाने मरू लागली, त्या शोधातून हिचा वंश निघाला. आधी ती उंदीर मारण्यासाठी वापरली गेली आणि १९५४ पासून माणसांसाठी. हिच्या मात्रेसाठी वारंवार रक्ततपासणी करावी लागते. मेथी, पालक एकाएकी अधिक खाल्ले तर तिचा परिणाम घटतो. गुडघेदुखीच्या गोळ्या सोबत घेतल्या तर रक्तस्रावाचे भय वाढते. २०१० नंतर नव्या गोळ्या आल्या, त्यांना अशा तपासण्या लागत नाहीत. तथापि संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेल्यांसाठी वॉर्फरिनच अधिक हितकारक, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत आढळले.

आता नैतिक पेच पाहा. झडपेचा असा दोष नसलेल्या रुग्णांवरील पाच चाचण्यांचे निष्कर्ष १९९४ मध्ये एकत्र मांडले गेले. गोळी न घेणाऱ्या शंभर जणांपैकी वर्षाला सुमारे साडेचार जणांना पक्षाघात झाला. वॉर्फरिन घेणाऱ्यांत हे प्रमाण दीडच्या आसपास आले. शंभरांतील तीन वाचले. पण ते तीन कोण, हे त्यांनाही कधी कळत नाही. न आलेल्या पक्षाघाताचा चेहरा कोणी पाहिलेला नसतो. उलट गोळीने झालेला रक्तस्राव डोळ्यांना दिसतो आणि गोळी देणाऱ्याच्या मनाला टोचतो.

आम्हाला तो टोचला. आत्या अंगणात पडल्या आणि मांडीवर हातभर काळानिळा डाग उमटला. दरमहा तपासणीसाठी शहराची खेप होतीच. आम्ही घरातील चौघे ओसरीवर बसलो आणि गोळी बंद करण्याचे ठरवले. आत्या आतल्या खोलीत जाग्या होत्या. डॉक्टरांनी आम्हाला सर्व नीट समजावले होते. त्यातील एक अक्षरही आम्ही त्यांच्यापर्यंत पोचवले नव्हते. वृद्ध माणूस पडते म्हणून गोळी बंद करावी काय, याचा हिशेब १९९९ मध्ये काही संशोधकांनी केला होता. पडण्यामुळे मेंदूभोवती होणाऱ्या रक्तस्रावाची भीती गोळीच्या लाभाहून मोठी ठरण्यासाठी माणूस वर्षातून सुमारे २९५ वेळा पडावे लागेल, असा तो हिशेब निघाला. आम्हाला तो ठाऊक नव्हता. पाच महिन्यांनी आत्यांची उजवी बाजू गेली आणि त्यासोबत वाचाही.

गोळी चालू असती तर हे टळलेच असते, असे कोणी म्हणू शकत नाही. दीड टक्क्यात त्या असू शकल्या असत्या. बरीच वर्षे आम्ही याच वाक्याचा आसरा घेतला. आता वाटते की तो आसरा चुकीच्या जागी शोधला. पक्षाघात आला नसता तरी आमचा दोष तेवढाच राहिला असता. परिणामावरून निर्णयाची नीती ठरवणे म्हणजे पाऊस चांगला झाला म्हणून दुसऱ्याच्या शेतात न विचारता केलेली पेरणी योग्य ठरवणे होय. शेत त्यांचे होते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, सांगितले असते तर त्या घाबरल्या असत्या. परंतु निजामाच्या अखेरच्या वर्षांतील दहशत पाहिलेल्या, दुष्काळात घर सावरलेल्या बाईला आम्ही एका आकड्याने घाबरवणार होतो काय? भीती आमचीच होती. आपल्या हातून अपाय झाला असे दिसू नये, ही. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. वृद्ध माणसे म्हणतात, ‘तुम्हीच काय ते ठरवा.’ हे उत्तरही मान्य करावे, मात्र ते प्रश्नानंतर यायला हवे. सोपवलेला अधिकार आणि बळकावलेला अधिकार दिसायला सारखे असले तरी त्यांतील अंतर विचारण्याच्या एका क्षणाचे असते. कायदाही येथे नि:संदिग्ध आहे. शुद्धीवर येऊन स्वतः निर्णय घेऊ शकेल अशा प्रौढ रुग्णाऐवजी तिच्या आईने दिलेली संमती, जिवावरचा प्रसंग नसताना, पुरेशी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये म्हटले.

आज सोय वाढली आहे. कलबुर्गीत जयदेव हृद्रोग संस्थेचे ३७१ खाटांचे रुग्णालय डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाले. पण तेथून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा आपल्याच जिभेवर आहे. कन्नडात ऐकलेले मराठीत सांगताना ते गाळू नये, हे दुभाष्याचे व्रत. आणि गाळण्याचा मोह मायेपोटी होतो म्हणून ते अधिकच कठीण.

आत्या त्यानंतर तीन वर्षे जगल्या. आम्ही काही विचारले की डावा हात किंचित उचलत. त्याचा अर्थ होय की नाही, हे शेवटपर्यंत आम्हाला उमगले नाही. ज्या दिवसांत त्या स्पष्ट बोलत होत्या, त्या दिवसांत आम्ही विचारले नव्हते.