उघडं म्हणजे सगळ्यांचं काय?

दोस्तहो, न्यूयॉर्कात मॅनहॅटनच्या पश्चिमेला मालगाड्या एकेकाळी सरळ रस्त्यावरनं धावायच्या. माणसं चिरडायची. इतकी, की टेन्थ ॲव्हेन्यूला लोक 'मरणाचा रस्ता' म्हणायचे. गाडीपुढं घोडेस्वार बावटा हलवत चालायचा. तरी मरणं थांबली नाहीत. मग रूळ उचलून लोखंडी खांबांवर नेले. १९३४ साली तीसेक फुटांवरनं गाडी सुरू झाली. पुढं ट्रकांनी धंदा ओढून नेला. १९८० साली शेवटची गाडी गेली, रुळांत गवत माजलं.

खालच्या जमीनमालकांना तो सांगाडा पाडून हवा होता. १९९९ साली जोशुआ डेव्हिड आणि रॉबर्ट हॅमंड यांनी तो वाचवायला संस्था काढली. २००९ ते २०१४ अशा तीन टप्प्यांत तिथं 'हाय लाइन' झाली. झाडं, बाकडी, सुमारे २.३ किलोमीटरची वाट. तिकीट नाही.

मी गिरणीतला माणूस. निकामी लोखंड भंगारात न जाता माणसाच्या पायाखाली येतं, हे मला पटतं. पण एक सवाल सुटत नाही. फाटक उघडं ठेवलं म्हणजे जागा सगळ्यांची झाली काय?

२००५ साली तिथले बांधकामाचे नियम बदलले. ज्या मालकांना पूल नको होता, त्यांनाच रुळांखालच्या जागेवरचा बांधकामाचा हक्क विकायची मुभा मिळाली. आपल्याकडं टीडीआर म्हणतात, तसंच ते. विरोध मिटला, टॉवर उभे राहिले, भाडी चढली. शेजारीच फुल्टन आणि इलियट-चेल्सी या सरकारी वसाहती. तिथली गरीब माणसं त्या वाटेवर फारशी फिरकली नाहीत. आपण शेजाऱ्यांसाठी कमी पडलो, हे हॅमंडनंच २०१७ साली कबूल केलं.

त्यांना अडवलं कुणी? कुणीच नाही. हीच तर गोम आहे. वर चढायचा हक्क आणि खाली टिकून राहायचा हक्क, हे दोन वेगळे हक्क आहेत. पहिला फुकट वाटता येतो. दुसऱ्याला पैसा लागतो, कायदा लागतो. त्या वसाहतींतले लोक टिकले, कारण त्यांचं भाडं बाजारावर नव्हे, कमाईवर ठरत होतं. बागेनं त्यांना वाचवलं नाही. पुढं २०२३ साली त्या वसाहतीही पाडून नव्यानं बांधायचा बेत जाहीर झाला.

कुणी म्हणेल, मग काय गरिबाच्या वस्तीत झाड लावूच नये? असं म्हणणारा आपल्याला कायम धुळीतच ठेवील. सुंदर जागा आपल्यालाही पाहिजे. भांडण झाडाशी नाही, क्रमाशी आहे. शिकागोत २०१५ साली जुन्या रुळांवर अशीच वाट झाली. भोवतालची घरं पडू लागली, तेव्हा कुठं २०२१ साली तिथल्या नगरपालिकेनं पाडकामावर जादा आकार बसवला. मलम आलं, पण जखमेनंतर सहा वर्षांनी.

म्हणून दोस्तहो, असा नकाशा पुढ्यात आला, तर फुलं कुठली लावणार हे मागनं विचारा. आधी विचारा : खाली राहणाऱ्याचं भाडं कोण बांधून देणार? ते लेखी घ्या. मग खुशाल झाडं लावू.