घट्ट ताणा, सैल ताणा

सोलापूरहून अक्कलकोट रस्त्याने वळसंगकडे निघाले की शहर मागे पडण्याआधी एमआयडीसी लागते. तिथल्या शेडमध्ये टॉवेलचे यंत्रमाग खडखडत असतात. टेरी टॉवेलच्या मागाला ताण्याचे दोन बीम असतात, एक घट्ट आणि एक सैल. बाण्याचे दोन धागे विणलेल्या कापडापासून जरा अंतरावर थांबतात. तिसरा धागा आला की फणी तिन्ही धागे एकदम पुढे ठोकते आणि त्या ठोक्यासरशी सैल ताण्याची वेटोळी वर उठतात. पाणी टिपतात ती हीच वेटोळी. दोन्ही ताणे घट्ट ठेवले तर वेटोळीच उठणार नाहीत आणि दोन्ही सैल सोडले तर कापडच धरणार नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या उदारमतवादी जागतिक व्यवस्थेची वीण अशीच होती. 1944 ची ब्रेटन वुड्स परिषद आणि 1947 चा गॅट हा आयातशुल्क व व्यापारविषयक करार यांनी देशांना खुल्या व्यापाराच्या नियमांत बांधले. पण घरचा कामगार, घरचा शेतकरी सांभाळण्यापुरती मोकळीकही ठेवली. जॉन रगी या अभ्यासकाने 1982 मध्ये या तडजोडीची नेमकी मांडणी केली. गॅटच्या 23 संस्थापक देशांत भारतही होता.

मग घट्ट ताणा धरून कोण ठेवतो?

अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स किंडलबर्गर यांनी 1973 मध्ये याचे उत्तर दिले: एखादी समर्थ सत्ता. 1929 नंतरची मंदी इतकी चिघळली, कारण ब्रिटनमध्ये जग सावरण्याची ताकद उरली नव्हती आणि अमेरिकेची तशी तयारी नव्हती. 1930 मध्ये अमेरिकेने आयातशुल्काच्या भिंती उंचावल्या, इतरांनीही तेच केले. राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट कोहेन यांनी 1984 मध्ये वेगळा विचार मांडला. बलाढ्य सत्तेचा जोर ओसरला तरी संस्था टिकू शकतात, कारण त्यांच्यामुळे देशांना एकमेकांचे इरादे कळतात आणि शब्दावर विश्वास ठेवता येतो.

बरीच वर्षे कोहेन यांचे म्हणणे खरे ठरत होते. पण अमेरिकेने नेमणुका अडवल्यामुळे जागतिक व्यापार संघटनेचे, व्यापारी तंट्यांवर अखेरचा निवाडा देणारे अपील मंडळ डिसेंबर 2019 पासून ठप्प आहे. 27 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेने बहुतांश भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लावले. त्यातले निम्मे भारताने रशियन तेल घेतल्याबद्दलचे होते. टॉवेल विणणाऱ्याने तेल विकत घेतलेले नव्हते, तरी दंड त्याच्या मालावर बसला. असा दर वाटाघाटीत उतरूही शकतो. पण एका सहीने चढलेला आणि एका सहीने उतरलेला दर पाहून कोणता कारखानदार नवा माग घेईल? स्थैर्य म्हणतात ते नेमके इथे हरवते.

म्हणून जुनी व्यवस्था सोन्याची होती, असेही नाही. 1974 च्या बहुतंतू कराराने गरीब देशांच्या कापडावर कोटे बसवले आणि ती पद्धत 2004 च्या अखेरपर्यंत चालली. खुलेपणाचे धडे देणाऱ्या श्रीमंत देशांनीच कापडाला दार अर्धवट लावून घेतले होते. तरीही ते कोटे उठले ते नियमांच्या चौकटीतल्या वाटाघाटींमुळेच. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला मिळालेले भौगोलिक मानांकन ज्या 1999 च्या भारतीय कायद्याखाली आले, त्याचे मूळही जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा करारात आहे.

नियमांची गरज दुबळ्याला अधिक असते. अमेरिका किंवा चीन स्वतःच्या बाजारपेठेच्या जोरावर सौदा करू शकतात. बारा-पंधरा मागांच्या मालकाला तो जोर नाही. अपील मंडळ बंद पडल्यावर युरोपीय संघ, चीन आणि इतर काही देशांनी 2020 मध्ये लवादाची पर्यायी सोय उभी केली. भारत तिच्यात सामील झालेला नाही. मूळ मंडळच पूर्ववत व्हावे, ही त्याची भूमिका आहे. ती तत्त्वाला धरून आहे, पण तोवरचा काळ निवाड्याविना काढणे सोलापूरसारख्या शहराला परवडणारे नाही. मूळ मंडळाचा आग्रह न सोडता भारताने या पर्यायी लवादात जागा घ्यावी आणि कापडासारख्या श्रमप्रधान मालाचे प्रश्न तिथे लावून धरावेत.