परिचय आणि विश्वास

२०१५ साली आलेल्या रास्पबेरी पाय २ या तळहाताएवढ्या संगणकात ब्लूटूथची सोय नव्हती. म्हणून त्याच्या यूएसबी खाचेत नखाएवढा अ‍ॅडाप्टर बसवून मी 'ब्लूटूथसीटीएल' ही आज्ञावली उघडली, तेव्हा पुष्कळ दिवस मनात घोळणारा एक प्रश्न दोन निरनिराळ्या हुकुमांच्या रूपाने समोर उभा राहिला. 'पेअर' म्हटले, पडद्यावर उमटलेले सहा अंक जोडावयाच्या बिनतारी कळफलकावर दाबले, की गुप्त किल्ली ठरते आणि ओळखीची नोंद दप्तरी पडते. परंतु तो कळफलक पुढे न विचारता आत यावा, यासाठी 'ट्रस्ट' हा स्वतंत्र परवाना द्यावा लागतो. परिचयातून विश्वास आपोआप निष्पन्न होतो असे आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. न्यायदर्शनाने आप्ताच्या, म्हणजे विश्वसनीय माणसाच्या, वचनाला प्रत्यक्ष आणि अनुमान यांहून वेगळे प्रमाण मानले खरे, पण अमुक मनुष्य आप्त आहे हे ठरवताना अनुभवाचे कितीही दाखले जमवले, तरी अखेरचे पाऊल अंतःकरणालाच टाकावे लागते. माझी आई निरांजन लावताना देवाकडे पुरावा मागत नसे. तिची श्रद्धा अज्ञानजन्य होती, असे म्हणावयास मी आज तयार नाही. आणि 'अनट्रस्ट' म्हणून परवाना काढून घेतला, तरी दप्तरातील ती ओळख पुसली जात नाही.